टेस्टर हातात घेण्याआधी: लाइटचं कोणतं काम आपलं, कोणतं वायरमनचं

आमच्या बाथरूमबाहेरचं गीझरचं सॉकेट मी तीन वर्षांत तीनदा बदललं. पहिल्यांदा जळलं तेव्हा वाटलं, बिल्डरनं हलका माल लावलाय. दुसऱ्यांदा चांगल्या कंपनीचं आणलं, तिसऱ्यांदा त्याहून महाग. दर वेळी काम नीट केलं होतं, स्क्रू आवळले होते, घरात थोडी फुशारकीही मारली होती. चौथ्यांदा जळकट वास आला तेव्हा मुकाट्यानं वायरमनला बोलावलं. त्यानं सॉकेटकडे पाहिलंसुद्धा नाही. दाराजवळच्या डीबीचं, म्हणजे सगळे खटके बसवलेल्या पेटीचं, झाकण उघडलं, एका एमसीबीवर (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणाऱ्या खटक्यावर) बोट ठेवलं आणि विचारलं, "काका, हा बत्तीसचा कुणी लावला?"

मला कुठं ठाऊक? फ्लॅट आम्ही जुना घेतलेला. एमसीबी सारखा पडतो म्हणून आधीच्या कुणीतरी १६ अँपिअरचा काढून ३२ चा बसवला असणार. भिंतीतली वायर मात्र दीडचीच, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरचीच राहिली. गीझरच्या सॉकेटच्या स्क्रूखालून लूप काढून तीच लाइन पुढं वॉशिंग मशीनला दिलेली. आम्ही मशीन घेतलं ते पाणी तापवणारं. गीझर २००० वॉट, मशीनचा हीटर २००० वॉट, आणि घरात येणारा दाब २३० व्होल्ट. म्हणजे दोन्ही एकदम चालले की सुमारे साडेसतरा अँपिअर. दीडच्या वायरला ते झेपत नव्हते आणि बत्तीसच्या एमसीबीला त्याची खबरही लागत नव्हती, म्हणून मधल्या मध्ये सॉकेट शिजत होतं. त्यानं वायर थोडी बाहेर ओढून दाखवली. वरचं लाल प्लास्टिक शेवेसारखं कटकट तुटत होतं, आतलं तांबं काळं पडलं होतं.

तेव्हापासून घरातल्या लाइटच्या कामाकडे बघायची माझी पद्धत बदलली. आधी मी "हे आपल्याला जमेल का?" असं विचारायचो. आता विचारतो, "यात भिंतीमागचं काही बदलतंय का, किंवा भिंतीमागं काही बिघडलंय का?" नव्या घरात राहायला आलेल्या आणि आयुष्यातला पहिला टेस्टर विकत घेतलेल्या माणसानं कसं ठरवावं, ते त्याच प्रश्नाच्या आधारानं सांगतो.

कायद्यानं आखलेली रेघ

गंमत म्हणजे हा प्रश्न मी शोधून काढलेला नाही. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ही रेघ आखलेली होती आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ती आली. भाषा सरकारी आहे, अर्थ साधा आहे. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं आणि फिटिंग बदलायला परवानाधारक ठेकेदार लागत नाही. अट एवढीच, की त्या बदलानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बाकी सगळं, म्हणजे नवीन पॉइंट, वाढवलेली लाइन, फेरफार, दुरुस्ती, परवाना असलेल्यांनीच करायचं.

म्हणजे ६ अँपिअरचं सॉकेट काढून त्या जागी ६ चंच लावलं तर ते आपलं काम. त्या जागी १६ चं लावलं तर क्षमता बदलली, ते आपलं नव्हे. स्क्रूड्रायव्हर दोन्हीकडे तोच, लागणारा वेळही तोच.

त्याला माझ्या गीझरनं शिकवलेली एक पुरवणी जोडा: तीच वस्तू त्याच जागी दुसऱ्यांदा जळली, तर तिसरी आणायला दुकानात जाऊ नका.

पहिली पायरी: घराचा नकाशा

काहीही उघडण्याआधी रविवारची एक सकाळ डीबीला द्या. दोन माणसं लागतात. एकानं डीबीपाशी उभं राहायचं, दुसऱ्यानं फोनचा चार्जर घेऊन खोलीखोलीत फिरायचं. एकेक एमसीबी खाली पाडायचा आणि कुठली लाइट गेली ते पाहायचं. घरात लहान मुलं असतील तर "गेली!", "आली!" ओरडायला ती आनंदानं तयार होतात. फ्रिज आणि कॉम्प्युटर तेवढे आधी बंद करा.

प्रत्येक एमसीबीवर सी१६, बी१० असं काहीतरी छापलेलं असतं. त्यातलं अक्षर तो किती चटकन पडतो त्याचा प्रकार सांगतं, आकडा अँपिअर सांगतो. सगळं एका कागदावर लिहून डीबीच्या झाकणाला आतून चिकटवा. "स्वयंपाकघर, फ्रिजची भिंत, १६" एवढं पुरे.

आता डीबीत एक जाडसर, दोन एमसीबींइतकं रुंद खटकं शोधा. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटण असतं आणि बहुधा ३० मिलीअँपिअर असं लिहिलेलं असतं. हा आरसीसीबी. दुकानात आणि वायरमनच्या तोंडी अजून 'ईएलसीबी' हेच नाव चालतं. एमसीबी आपला जीव वाचवतो असं अनेकांना वाटतं. तो वाचवतो वायर. सहाचा एमसीबी पडायला सहा अँपिअरच्या वर, म्हणजे सहा हजार मिलीअँपिअरच्या वर प्रवाह जावा लागतो. माणसाच्या अंगातून त्याचा शंभरावा हिस्सा गेला तरी जिवावर बेतू शकतं. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) निघालेला प्रवाह न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) पूर्ण परत येतोय की कुठंतरी गळतोय, हे आरसीसीबी बघत असतो आणि गळती दिसली की पडतो. मात्र एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरलंत तर त्याच्या दृष्टीनं तुम्ही एक साधा बल्ब आहात. तेव्हा तोही पडणार नाही.

डीबीत हे खटकं नसेल, तर वायरमनला बोलावायचं पहिलं कारण तुम्हाला मिळालं. बाकीची कामं त्यानंतर.

दुसरी पायरी: लाइन मेली आहे याची खात्री

नुसतं बोर्डावरचं बटण बंद करून काम करू नका. बटणानं फेज तुटायला हवा. पण जुन्या घरांत, आणि घाईत केलेल्या नव्या घरांतही, बटण न्यूट्रलवर बसवलेलं सापडतं. अशा ठिकाणी दिवा बंद होतो, होल्डर जिवंतच राहतो. बटण बंद केल्यावरही एलईडी बल्ब अंधारात मिणमिणत असेल तर हा संशय घ्या. (कधी कधी शेजारून धावणाऱ्या वायरमुळंही तो मिणमिणतो, म्हणून संशय म्हटलं.) त्या लाइनचा एमसीबी पाडा, आणि कुठला ते नक्की माहीत नसेल तर मेन पाडा. डीबीवर "काम चालू आहे" अशी चिठ्ठी लावा. घरातलं कुणीतरी टीव्हीसाठी खटकं वर करतं, हे मी अनुभवानं सांगतोय.

मग टेस्टर. तो आधी चालू असलेल्या सॉकेटमध्ये घालून पेटतोय ना ते बघा. नंतर जिथं काम करायचंय तिथं लावा. पेटला नाही, तर पुन्हा चालू सॉकेटवर जाऊन तो जिवंत आहे ना ते बघा. तीनदा बघायचं कारण, टेस्टर न पेटणं म्हणजे लाइन नाही असं दर वेळी नसतं. टेस्टरच मेलेला असू शकतो, लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर त्याचा दिवा मंद होतो, भर उन्हात तो दिसतही नाही. उलट न्यूट्रल कुठं मागं तुटला असेल आणि एखादं उपकरण चालू असेल, तर सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. असं दिसलं तर एमसीबी पाडलेला राहू द्या आणि वायरमनला फोन करा.

इन्व्हर्टर असलेल्या घरात सगळ्यात मोठा घात इथंच होतो. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाइट गेली आणि तो इमानेइतबारे पंखे-दिवे चालू ठेवतो. मेन बंद, बोर्डावर मात्र २३० व्होल्ट. आधी इन्व्हर्टर बंद करा, त्याच्याकडून घराकडे जाणारी लाइनही बंद करा, मग मेन. त्यानंतरही टेस्टरचे तिन्ही सोपस्कार.

आपल्या हातची कामं

बल्ब, ट्यूब, होल्डर, बेल, खराब झालेला स्विच, पंख्याचा रेग्युलेटर, कपॅसिटर, थ्री पिन टॉप. यादी छोटी वाटेल, पण घरातल्या बहुतेक कटकटी यातच असतात.

शिकायला सुरुवात थ्री पिन टॉपपासून करा, कारण ते टेबलावर बसून, कुठंही लाइन नसताना करता येतं. इस्त्रीचं किंवा मिक्सरचं टॉप उघडा. आत तीन पितळी खांब दिसतील. जाड आणि लांब तो अर्थचा, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या तारेचा. उरलेल्या दोघांपाशी एल आणि एन लिहिलेलं असतं. उपकरणाच्या वायरमधली तपकिरी तार एलला, निळी एनला, पिवळी-हिरवी अर्थला. (भिंतीतल्या वायरिंगचा रंग वेगळा: लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. नवशिक्यांचा गोंधळ इथं होतो.) वरचं प्लास्टिक सोलताना आतल्या बारीक तारा कापल्या जातात. चार-पाच तुटल्या तर तेवढा तुकडा कापून टाका आणि पुन्हा सोला. तारा पिळून घ्या, एकही केस खांबाबाहेर राहता कामा नये. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा थोडी सैल, थोडी लांब ठेवा. वायरला हिसका बसून सगळं सुटलंच, तर अर्थ सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. आणि टॉपच्या तोंडाशी असलेली पट्टी वायरच्या बाहेरच्या जाड वेष्टनावर आवळा. ती पट्टी लोक फेकून देतात. मग ओढाताण थेट तारांच्या स्क्रूवर येते.

पंखा हळू फिरत असेल, किंवा गुणगुणतो पण हातानं ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. घरगुती पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा सर्रास दिसतो, तरी जुन्यावर छापलेला आकडा वाचूनच नवा आणा. जास्त आकड्याचा लावला की पंखा जास्त पळेल, असा सल्ला दुकानात मिळतो. तो दुकानातच ठेवून या. लाइन बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो, म्हणून सुटी टोकं उघड्या हातानं धरू नका. मुठीवर प्लास्टिक असलेल्या स्क्रूड्रायव्हरनं दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून घ्या. हे साध्या पंख्यासाठी झालं. बीएलडीसी पंख्यात सर्किट असतं. त्याला हात लावू नका, कंपनीचा माणूस बोलवा.

स्विच बदलताना स्क्रू सैल करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. बोर्डात फेजची एकच तार एका स्विचवरून दुसऱ्यावर लूप होत गेलेली असते. मधला स्विच काढून तो लूप पुन्हा जोडायचा राहिला, की पुढचे सगळे स्विच मरतात आणि आपण घामाघूम होतो.

पंखा खाली उतरवणं किंवा टांगणं हे विजेच्या दृष्टीनं सोपं, पण वजनाच्या दृष्टीनं अवघड काम आहे. दोन माणसं आणि न डुगडुगणारी घोडी असेल तरच. नाहीतर शे-दोनशे रुपये वाचवायच्या नादात खांदा निखळायचा.

इथं थांबायचं

नवा पॉइंट, एसीची लाइन, गीझरची लाइन, इन्व्हर्टरची जोडणी, अर्थिंग, डीबीतलं काहीही. एमसीबीचा आकडा वाढवणं तर अजिबात नाही. एमसीबी पडत असेल तर तो आपलं काम करतोय. तो का पडतोय ते शोधायचं असतं.

साधं गणित करायला मात्र शिका. वॉट भागिले २३०, की अँपिअर. १००० वॉटची इस्त्री सव्वाचार, २००० वॉटचा इंडक्शन पावणेनऊ, ३००० वॉटचा इन्स्टंट गीझर तेरा. आता डीबीच्या झाकणावरचा कागद बघा. इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह एकाच १६ च्या एमसीबीवर दिसतात का? मग दोन्ही एकदम लावून एक्स्टेंशनची करामत करू नका. वायरमनला वेगळी लाइन ओढायला सांगा. वायरची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात: दिव्या-पंख्यांना एक किंवा दीड, पॉवर पॉइंटला अडीच, दीड टनाच्या एसीला सहसा चार. जुने वायरमन अजून 'तीन-बावीस', 'सात-वीस' म्हणतात. त्यात पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा.

एसी किंवा गीझर बसवायला कंपनीकडून आलेला माणूस समोर असलेल्या पॉइंटला उपकरण जोडून जातो. त्या पॉइंटमागं कसली वायर आहे हे तो बहुधा बघत नाही. ते आधी आपण बघून घ्यायचं.

भिंतीला ओल असेल तर त्या भिंतीवरच्या बोर्डाचा स्क्रूसुद्धा सोडवू नका. कोकणात आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये स्विचला हात लावताच झिणझिण्या आल्याचं कौतुकानं सांगणारे लोक भेटतात. ते कौतुक नाही, गळती आहे. जुना वाडा, चाळ किंवा लाकडी पट्टीतलं वायरिंग असेल तर आधी सगळं तपासून घ्या. तिथं पोर्सिलीनच्या किटकॅट फ्यूजमध्ये फ्यूज वायरच्या जागी तांब्याची जाड तार घातलेली हमखास सापडते. माझ्या बत्तीसच्या एमसीबीची ती आजी.

मीटर आणि खांबापासून मीटरपर्यंतचं सगळं वीज कंपनीचं. मीटरच्या सीलला हात लावला तर २००३ च्या विद्युत कायद्याखाली प्रकरण अंगाशी येऊ शकतं. खांबावरून येणारी सर्व्हिस वायर ठिणग्या टाकत असेल, शेजाऱ्यांकडे लाइट आहे आणि तुमच्या मीटरपर्यंतच येत नाही, किंवा दिवे अचानक भगभगीत होऊन मंद होतायत, तर १९१२ वर तक्रार करा. शेवटच्या प्रकारात तक्रारीआधी मेन पाडा. न्यूट्रल सुटला की घरात २३० च्या वर व्होल्टेज येऊ शकतं आणि टीव्ही-फ्रिज एका झटक्यात जातात. भाड्याचं घर असेल तर बल्बपलीकडचं काहीही मालकाला कळवून. मुंबई-पुण्यात सोसायटीचा इलेक्ट्रिशियन असतो. जिन्यातल्या मीटर रूमचं काम त्याच्याकडूनच.

वायरमन कसा निवडावा

आयटीआयमध्ये 'तारतंत्री' आणि 'वीजतंत्री' असे दोन व्यवसाय शिकवतात. पण नुसतं आयटीआय झालं म्हणजे परवाना मिळाला असं नाही. तारतंत्री परवाना, पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्र आणि विद्युत ठेकेदाराचा परवाना या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि महाराष्ट्रात त्या राज्य शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळतात. एका पॉइंटसाठी कुणी कागद मागत नाही, हे मलाही कळतं. पण अख्ख्या घराचं वायरिंग, डीबी बदल किंवा मंजूर भार वाढवायचा असेल तर "दादा, परवाना कुणाच्या नावावर आहे?" हे मोकळेपणानं विचारा. कामाचा माणूस रागावत नाही.

परवान्याइतकंच बघण्यासारखं आहे त्याचं पहिल्या दहा मिनिटांतलं वागणं. तो आधी डीबी उघडतो की थेट भिंत फोडायला लागतो? काय काय चालवणार हे विचारतो का? टेस्टरबरोबर मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) आणलाय का? "अर्थिंगची काय गरज, साहेब" असं म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून टाकू, किंवा लाइन त्याला बगल देऊन घेऊ असं कुणी सुचवलं, तर चहाही नको. अशा वेळी खरं कारण बहुधा एखाद्या गीझरची गळकी कॉइल असते, नाहीतर कुठंतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेले असतात. ते शोधायला दोन तास लागतात, आणि त्याच दोन तासांचे पैसे आपण देतो.

सामान शक्यतो स्वतः आणा, त्याच्याकडून यादी घेऊन. वायरवर आयएसआयचा शिक्का आणि जाडी छापलेली असते, बंडल ९० मीटरचं येतं. भिंतीत पाइप बुजवण्याआधी फोटो काढून ठेवा, शेजारी मोजपट्टी धरून. पुढं भिंतीत खिळा ठोकताना ते फोटो उपयोगी पडतात.

कंदील, गणपती आणि झटका

वर्षभर शहाण्यासारखं वागणारी माणसं सणाला घसरतात. गॅलरीतल्या आकाशकंदिलाच्या वायरला मध्येच जोड, त्यावर सेलोटेप, आणि वरून दिवाळीतला अवेळी पाऊस. मखराच्या मागं थर्माकोलला टेकलेला दिवा. तात्पुरत्या कामालाही अखंड वायर, इन्सुलेशन टेप आणि आरसीसीबीमागचं सॉकेट हवंच. वायर खिडकीच्या सरकत्या काचेत चेमटवू नका.

कुणाला करंट लागला तर त्याला धरून ओढू नका, तुम्हीही चिकटाल. आधी मेन पाडा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीनं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं त्याला तारेपासून दूर ढकला, स्वतः कोरड्या जागेवर उभं राहून. श्वास चालत नसेल तर १०८ ला फोन करून छातीवर दाब देणं सुरू करा. माणूस लगेच उठून "काही झालं नाही" म्हणाला तरी डॉक्टरकडे न्या. बोर्डाला आग लागली तर मेन पाडायचा आणि पाणी मारायचं नाही.

पैसे देण्याआधी

काम संपलं, झाडू मारून झाला, तो पिशवी भरतोय. त्याला पाच मिनिटं थांबवा. नवीन सॉकेटमध्ये टेस्टर घाला: अर्थचं मोठं भोक वर असताना फेज उजवीकडच्या भोकात यायला हवा. दिव्याचं बटण बंद करून होल्डरमध्ये टेस्टर लावा, पेटता कामा नये. झाकणावरच्या कागदावर नवीन लाइन त्याच्याच हातानं लिहून घ्या. मग त्याच्यासमोर आरसीसीबीचं 'टी' बटण दाबा. खट्कन घर अंधारलं, तर पाकीट काढा.